शेवटची कधी घेतली? डॉक्टरांशी दारूबद्दल पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी

केसपेपरवर 'सवयी' म्हणून एक छोटी ओळ असते. तंबाखू, मिसरी, दारू यांपैकी काय आहे ते तिथे लिहितात. मुंबईत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना गेली १९ वर्षं मी ती ओळ वाचते आहे, आणि तिथे मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलेला शब्द आहे 'ऑकेजनल'. पेशंट म्हणतो "कधीतरी घेतो", डॉक्टर लिहितात 'ऑकेजनल'. कधीतरी म्हणजे वर्षातून दोनदा कुणाच्या हळदीला, की रोज रात्री जेवणाआधी, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

ज्यांना हा विषय डॉक्टरांसमोर पहिल्यांदाच काढायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. स्वतः घेणाऱ्यांसाठी, आणि घरात घेणारं माणूस असलेल्यांसाठीही. दारू सोडावी की नाही याबद्दल मी इथे काही म्हणणार नाही. डॉक्टरांच्या टेबलासमोर मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत काय सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

आधी एक प्रसंग. लालबागच्या चाळीतले एक काका मांडीचं हाड मोडलं म्हणून दाखल झाले. वॉर्डात ज्युनिअर डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, "बाबा, दारू पिता का?" शेजारच्या खाटांवरचे पेशंट ऐकत होते, पायथ्याशी नवी सून उभी होती. काकू पटकन म्हणाल्या, "छे हो, ते घेत नाहीत." केसपेपरवर 'नाही' लिहिलं गेलं. तिसऱ्या रात्री काकांनी सलाईन उपटून काढलं. चादरीवर मुंग्या चालताहेत म्हणून ते ओरडत होते आणि मोडलेल्या पायानिशी खाटेवरून उतरू पाहत होते. रोज एक क्वार्टर घेणारं शरीर तीन दिवस दारूशिवाय होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काका वाचले, पण ऑपरेशन पुढे गेलं आणि चार दिवस हात बांधून ठेवावे लागले. काकूंना मी दोष देत नाही. तो प्रश्न सुनेसमोर विचारायचा नव्हता.

घरून निघतानाच तीन उत्तरं तयार ठेवा

काय घेता आणि किती. आठवड्यातून किती दिवस, आणि किती वर्षांपासून. शेवटची कधी घेतली.

यातलं तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच कुणी आपणहून सांगत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

पहिल्या उत्तरासाठी बाटलीची भाषा वापरा. आपल्याकडे नाइंटी (९० एमएल), क्वार्टर (१८०), हाफ (३७५), खंबा (७५०) हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत आणि डॉक्टरांना ते 'थोडी' किंवा 'लिमिटमध्ये' यापेक्षा शंभरपट उपयोगी पडतात. मात्र मोठ्या रुग्णालयातले निवासी डॉक्टर देशभरातून आलेले असतात. केरळहून आलेल्या मुलीला 'चपटी' म्हणजे क्वार्टर हे कळेलच असं नाही. तिला "एकशे ऐंशी एमएल" सांगा. आकडा कुठल्याही भाषेत कळतो.

डॉक्टर मनात त्याचं गणित करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० एमएलचा छोटा पेग म्हणजे एक माप, नाइंटी म्हणजे तीन आणि क्वार्टर म्हणजे सहा. आता बिअर पाहा. "मी दारू घेत नाही, फक्त बिअर," असं सांगणारे तरुण मला दर आठवड्याला भेटतात. ६५० एमएलची स्ट्राँग बिअर, बाटलीवर ८ टक्के लिहिलेली, ही चार मापांच्या आसपास जाते. म्हणजे ती एकटी बाटली चार छोट्या पेगांइतकी. माइल्ड असेल तर अडीच मापं. देशी घेत असाल तर बाटलीवरचा टक्का वाचा आणि तोच सांगा.

घरी पेग मोजून कुणी भरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पेग मोजूच नका, बाटली किती दिवस पुरते ते सांगा. "साडेसातशेची बाटली चार दिवस जाते, एकटाच घेतो." हे वाक्य मी ऐकलेल्या सगळ्यांत स्पष्ट वाक्यांपैकी एक आहे.

हातभट्टीची किंवा कुठून आली ते नक्की नसलेली दारू घेतली असेल तर ते वेगळं आणि ताबडतोब सांगायचं. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं गेली. एकट्या मालवणीत शंभराहून जास्त. अशा दारूतलं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पोटात गेलं की सुरुवातीला नेहमीच्या नशेसारखंच वाटतं. काही तासांनी पोटात दुखतं, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुकं येतं. याचे उपचार आहेत, पण वेळेत सुरू व्हावे लागतात. ओपीडीच्या रांगेत थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. कुठून घेतली, किती वाजता घेतली आणि बरोबर कोण कोण बसलं होतं, हे तिघा-चौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा. बरोबर बसलेल्यांनाही शोधून आणायचं असतं.

शेवटची कधी, हा प्रश्न इतका महत्त्वाचा का

रोज भरपूर घेणाऱ्याच्या मेंदूने दारू गृहीत धरलेली असते. ती अचानक बंद झाली की साधारण सहा-आठ तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. याला डॉक्टर 'डीटी' (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. शेवटची कधी घेतली हे आधी कळलं, तर ठरावीक गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वेळेवर देऊन हे बऱ्याच अंशी टाळता येतं. बी-१ फार कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याची भीती असते, म्हणून सलाईनचा निर्णयसुद्धा या एका उत्तरावर बदलतो.

आपल्याकडे याचा एक ठरलेला हंगाम आहे. गटारीला भरपूर होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो म्हणून एकदम बंद. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण रोज हाफ घेणारा माणूस श्रद्धेने, मनापासून थांबतो आणि दोन दिवसांनी फिट येऊन कॅज्युअल्टीत पोचतो. माळ घातली म्हणून थांबलेल्यांचंही तेच. त्यांच्या निश्चयाबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच कळवळून सांगते, रोज घेत असाल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर बंद करण्याचा मुहूर्त डॉक्टरांना विचारून काढा. आधी कधी बंद केल्यावर फिट आली असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावरही असंच होतं. "डॉक्टर रागावतील" म्हणून माणूस दोन दिवस आधी आपणहून सोडतो, आणि नेमका टेबलावर किंवा ऑपरेशननंतर त्याचा त्रास सुरू होतो. भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा त्यांना बाटलीच्या हिशेबासकट सांगायचं. त्यांना ते औषधांचं प्रमाण ठरवायला हवं असतं.

खोलीत गेल्यावर

परळच्या केईएममध्ये, सायनला किंवा नायरला सकाळच्या ओपीडीत गेलात तर एका टेबलाभोवती तीन पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात. तिथे मोठ्याने "मी रोज पितो" म्हणणं सोपं नाही. सरकारी 'आपला दवाखाना' केंद्रात किंवा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे गर्दी कमी असते, पण तिथे कंपाउंडर ओळखीचा निघतो. यावर एक साधा उपाय आहे: चिठ्ठी. वहीच्या पानावर घरीच लिहा: "रोज रात्री क्वार्टर (१८० एमएल), ८ वर्षं. शेवटची काल रात्री ११ वाजता." केसपेपरच्या आत ठेवा आणि डॉक्टरांपुढे सरकवा. बोलावंच लागत नाही. ज्यांना ज्यांना मी हे सुचवलं, त्यांतल्या बहुतेकांनी पुढच्या भेटीत चिठ्ठीशिवाय सांगितलं.

एकट्याने बोलायचं असेल तर तसं सरळ म्हणा. "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचं होतं." नातेवाइकांना बाहेर थांबवणं डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे, त्यांना ते विचित्र वाटत नाही. वॉर्डात असाल तर सिस्टरना सांगा, त्या वेळ काढून देतात.

विषय काढायचा कसा, यावर लोक फार अडतात. सुरुवात तक्रारीपासून करा. "मॅडम, ॲसिडिटीसाठी आलो आहे. आणि आठवड्यातून चार दिवस मी नाइंटी घेतो, ते सांगायचं होतं." इतकं पुरतं. कारणं, टेन्शन, मित्रांची संगत हे सगळं सांगायला नंतर वेळ मिळतो.

मग डॉक्टर काही प्रश्न विचारतील. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं तर राग येतो का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या लागते का? हे चार प्रश्न जगभर वापरले जातात आणि दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टर जास्त खोलात जातात. काही ठिकाणी दहा प्रश्नांचा कागद देतात. त्यात प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात, एकूण ४०. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले की घेण्याची पद्धत धोक्याची धरतात. तो कागद परीक्षेचा पेपर समजू नका. गुण कमी पडावेत म्हणून उत्तरं बदलली, तर औषधाचा डोस चुकतो.

"रक्ताच्या रिपोर्टात कळेलच की," असंही काही जण म्हणतात. एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी यांवरून डॉक्टरांना शंका येते हे खरं. पण रोज घेणाऱ्याचा रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतो, आणि शेवटची कधी घेतली हे तर लिव्हरच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

डॉक्टरांनी हा विषय काढलाच नाही, तर औषधाची चिठ्ठी हातात पडायच्या आधी तुम्ही काढा. दारूबरोबर भांडणारी औषधं रोजच्या वापरातली आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी प्यायलं तर साखर धोकादायक खाली जाते. झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. रोज घेणाऱ्याने पॅरासिटामॉलचा डोस विचारल्याशिवाय वाढवू नये. आणि टीबीची औषधं. आपल्या शहरात टीबी घरोघरी माहीत आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर ताण देतात, त्यात दारूची भर पडली की कावीळ होऊ शकते. "औषध चालू असताना घेतली" हे लपवण्यासाठी लोक टीबीच्या गोळ्याच बंद करतात, आणि मग टीबी औषधांना दाद देईनासा होतो. घेतली असेल तर सांगा आणि गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बायकांना कुणी विचारतच नाही

बाईच्या केसपेपरवर ती ओळ बहुधा न विचारताच 'नाही' अशी भरली जाते. त्यामुळे ज्या घेतात, त्यांना कमरेएवढी लाज ओलांडून आपणहून बोलावं लागतं. सारख्याच प्रमाणाने बाईच्या शरीरात अल्कोहोलची पातळी जास्त चढते आणि लिव्हरला इजा लवकर होते, म्हणून त्यांनी सांगणं जास्त गरजेचं आहे. गरोदरपणात सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही. दिवस गेल्याचं कळायच्या आधी घेतली असेल तर घाबरून लपवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना सांगा. सासूबाई बरोबर आल्या असतील तर तपासणीच्या पडद्याआड बोलायला जागा मिळते.

नवरा किंवा मुलगा घेत असेल तर

डॉक्टरांसमोर हिशेब चुकते करू नका. "सांगा ना आता, काल काय तमाशा केलात ते!" असं म्हटलं की माणूस गप्प होतो आणि पुढच्या वेळी येत नाही. तुम्हाला माहीत असलेले आकडे तेवढे सांगा, तेही शक्यतो त्याला आधी कल्पना देऊन: "मी डॉक्टरांना रोजचं सांगणार आहे." त्याची शुद्ध हरपलेली असेल किंवा तो दाखल असेल, तर मात्र संकोच बाजूला ठेवून लगेच सांगा.

लोकल ट्रेनमध्ये आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर जाहिराती चिकटवलेल्या असतात: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. भाजीत कालवायची पूड, चहात टाकायचे थेंब. याबद्दल मी हात जोडून सांगते, हे करू नका. त्यात काय आहे ते तुम्हाला कळत नाही. दारू सोडवण्यासाठी वापरतात ते डायसल्फिराम असेल, तर त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. तेच औषध डॉक्टर देतात ते तपासण्या करून, पेशंटला सगळं समजावून आणि त्याची संमती घेऊन. तुम्ही आधीच असं काही दिलं असेल, तर बाजूला बोलावून डॉक्टरांना सांगा. ते तुम्हाला रागावतील, पण पेशंट वाचेल.

पोलीस, परमिट, विमा

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिण्यासाठी परवाना लागतो, आणि त्याची भीती जुन्या पिढीच्या मनात अजून आहे. ओपीडीत परमिट कुणी विचारत नाही. तुमचं बोलणं गुप्त ठेवणं हे डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांतच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापरातून होणारे मानसिक आजारही येतात, आणि गोपनीयतेचा हक्क त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. अपघात किंवा मारामारीची केस असेल तर पोलिसांना कळवलं जातं, ते जखमेमुळे. तिथेही डॉक्टरांपासून लपवून फायदा नाही, कारण डोक्याला मार लागलेला माणूस नशेत आहे की मेंदूत रक्तस्राव होतो आहे, हे त्यांना त्याच क्षणी ठरवायचं असतं.

विम्याची गोष्ट खरी अडचणीची आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत व्यसनाच्या उपचारांचा आणि व्यसनातून झालेल्या आजारांचा खर्च वगळण्याची अट सहसा असते. म्हणून लोक खोटं सांगतात. ते कशासाठी सांगतात हे मला कळतं, तरी माझा सल्ला वेगळा आहे. डॉक्टरांना खरं सांगा आणि कागदावर काय लिहिलं जातंय ते वाचा. महिन्यातून दोनदा घेणाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डवर घाईत 'क्रॉनिक अल्कोहोलिक' लिहिलेलं मी पाहिलं आहे. तसं असेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, महिन्यातून दोन वेळा, नाइंटी, असं आकड्यात लिहाल का?" खरा आकडा तुमच्या बाजूने उभा राहतो. कागदांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात.

हा लेख वाचणाऱ्या नव्या डॉक्टरांना

"व्यसन आहे का?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार, हे धरून चाला. रोज हाफ घेणाऱ्यालाही आपलं ते व्यसन वाटत नाही, आपण 'घेतो' एवढंच वाटतं. "बसता का कधी? आठवड्यातून किती दिवस?" असं विचारा. प्रमाण विचारताना वरून खाली या: "हाफ होते की खंबा?" माणूस सुटकेचा श्वास टाकून म्हणतो, "नाही हो, क्वार्टरच." तुम्हाला खरं उत्तर मिळालेलं असतं.

सांगून झाल्यावर पुढे काय

बहुतेकांना वाटतं की आता लगेच भरती करतील. तसं होत नाही. घेणं धोक्याच्या पातळीवर पण सवय पक्की न झालेली असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक थोडा वेळ बोलतात, कमी करण्याचं गणित मांडून देतात. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून अशा काही भेटी करवून पाहिल्या आणि पुरुषांच्या पिण्यात स्पष्ट फरक पडला. सवय पक्की असेल तर मानसोपचार विभागात पाठवतात. 'मला काय वेड लागलंय' म्हणून अनेक जण तिथूनच परत फिरतात. फिरू नका. व्यसनाचं काम त्याच विभागात चालतं, आणि तल्लफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या तिथेच मिळतात.

रुग्णालयाबाहेरही जागा आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभा मुंबईत अनेक ठिकाणी भरतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या असतात. रात्री-बेरात्री बोलायचं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत बोलतो. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

दुसऱ्या भेटीला जाताना तीच चिठ्ठी बरोबर न्या, फक्त आकडे नवे लिहा. कमी झाली असेल तर किती, बंद असेल तर कुठल्या तारखेपासून. आणि पुन्हा सुरू झाली असेल, तर तेही तारखेसकट. महिनाभर बंद ठेवून गणपती विसर्जनाच्या रात्री घेतलेला एक तरुण दोन महिने आलाच नाही. आला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तोंड दाखवायची लाज वाटत होती." मी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, शेवटची कधी घेतलीस? तो म्हणाला, काल. मग आम्ही केसपेपर काढला.